रिकामी स्ट्रिप दाखवा

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला एक बाक, उजव्या हाताला एक बाक आणि मधोमध खुर्ची टाकून बसलेली मावशी. मावशी नंबर द्यायची. तिच्या परवानगीशिवाय आत माशीसुद्धा जायची नाही. "काय होतंय?" हा पहिला प्रश्न तीच विचारायची, वर बाकावरच निदान करून मोकळी व्हायची. दाराच्या फटीतून डोकं आत घालून सांगायची, "ह्याला काही झालेलं नाही बाई, बायकोशी भांडून आलाय." दहातली नऊ निदानं साफ चुकायची, पण त्याचं तिला काही नव्हतं. दहावं बरोबर आलं की ते वर्षभर पुरायचं.

आत बाई. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, पायात मऊ कापडी बूट, आणि आवाज असा की आतल्याचा आजार बाहेरच्या बाकाला ऐकू जाई. त्या म्हणत, मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचं बरं असतं. तिथे माणूस एकेक अवयव घेऊन जातो, हा माझा गुडघा, हे माझं काळीज. आमच्याकडे सगळाच्या सगळा माणूस येतो, आणि वर सासूलाही घेऊन येतो.

आणि अहो, रोग तरी सरळ वागतो का? पहिल्या दिवशी तो नाव सांगत नाही. पहिल्या दिवशीचा ताप हा नुसता ताप असतो, तो उद्या उतरेल की परवा जिवावर उठेल हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा खांदा दुखत होता. भट्टीत फळ्या सरकवून सरकवून दुखतोय, असं तोही म्हणाला आणि बाईंनाही पटलं. मलम झालं, शेक झाला, आणि शेवटी निघाले काय, तर पित्ताशयात खडे! "आजार म्हशीला आणि औषध पखालीला," असं बाई स्वतःच सगळ्यांना हसून सांगत. दुसरं एक गिऱ्हाईक असं, की सर्दीबद्दल इकडचं तिकडचं बोलणार, चिठ्ठी घेणार, उठणार, आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणणार, "जाता जाता एक विचारू का बाई, चालताना छातीत भरून येतं ते कशानं?" खरा आजार नेहमी कडीला हात लावल्यावर बाहेर पडतो. बाई मग त्याला परत बसवत.

पण सगळ्यांत जास्त कोण छळत असेल, तर बरं वाटतंय म्हणून औषध सोडून देणारी माणसं. साखरेची गोळी, बीपीची गोळी ही जन्माची सोबत, हे लोकांना पटता पटत नाही. त्यावर बाईंनी एक नियम काढला होता. दर महिन्याला येताना संपलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप घेऊन यायच्या आणि टेबलावर ठेवायच्या. रिकामी स्ट्रिप दाखवा, मगच नवी चिठ्ठी. मावशी तर बाकावरच झडती घ्यायची. ह्या नियमाचा बाईंना भारी अभिमान. डॉक्टर मंडळींच्या बैठकीत त्या तो ठणकावून सांगत, आणि बाकीचे माना डोलवत.

आता एक गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती, जी अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. त्यांचा चेहरा. "बरं वाटतंय ना?" असं विचारताना तो असा काही आशेनं फुललेला असे, की समोरच्याला "नाही" म्हणायला जागाच उरत नसे. आणि चुकून कुणी म्हणालंच, की बाई, तुमच्या गोळीनं काही फरक पडला नाही, तर बाईंचं तोंड एवढंसं होई. बाई रागावत नसत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हिरमुसत. ज्या बाई भर पावसात जिने चढून घरी येतात, पोरांच्या परीक्षा लक्षात ठेवतात, त्यांना कोण हिरमुसवणार? तेव्हा गल्लीनं आपलं ठरवून टाकलं होतं, की बाईंना जपायचं. बरं वाटो न वाटो, बाईंच्या पुढ्यात बरंच वाटायचं.

दवाखान्याच्या समोर शिंप्याचं दुकान. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. पायाचं जुनं मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे आणि मागच्या खोलीत मास्तरांचा संसार. संसार म्हणजे एक खाट आणि एक शेगडी, कारण बायको गेलेली आणि लेक दुसऱ्या गावी नोकरीला. माणूस मितभाषी, पण हाताला जबरी सफाई. गिऱ्हाइकानं कितीही पोट आत ओढलं तरी मास्तर टेप सैल धरून उभे राहत आणि म्हणत, "सोडा आता श्वास, मी थांबतो."

ह्या मास्तरांच्या बीपीनं बाईंच्या नाकी नऊ आणले होते.

सुरुवातीला एक गोळी दिली. महिन्यानं मोजलं, तर पारा जिथल्या तिथे. गोळी दुप्पट केली. ढिम्म. दुसरी जोडली, मग तिसरी. मास्तर दर महिन्याला वेळेवर हजर, टेबलावर रिकाम्या स्ट्रिप नीट रचून ठेवलेल्या, आणि बीपी मात्र वरचं एकशे नव्वदच्या आसपास ठाण मांडून बसलेलं. पालथ्या घड्यावर पाणी! मीठ कमी करायला लावलं. मास्तर मीठ जेमतेमच खात. झोपेत घोरता का विचारलं. ते कोण सांगणार, ऐकायला घरात माणूस नको का? मूत्रपिंडाकडे जाणारी नळी अरुंद असेल म्हणून तिची तपासणी केली, नळी ठणठणीत. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ असेल म्हणून रक्त पाठवलं, गाठ नाही. बाईंनी कॉलेजातलं जाडजूड पुस्तक माळ्यावरून काढलं आणि जेवताना समोर उभं करून वाचू लागल्या.

त्यांना झोप लागत नव्हती, आणि त्याचं कारण साधं होतं. एवढं बीपी वर्षानुवर्षं राहिलं तर मेंदूतली एखादी नळी फुटणार, आज नाही तर उद्या. मास्तर मशीनवर बसल्या बसल्या जातील, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक हात लुळा पडून जगतील, आणि शिंप्याचा हात गेला तर माणूस उरलाच काय? दवाखान्याच्या खिडकीतून त्यांना मशीनमागे वाकलेलं मास्तरांचं डोकं दिसे. ते हललं की बाईंना हायसं वाटे. आता चौथी गोळी द्यायची, असं त्यांनी त्या आठवड्यात पक्कं केलं होतं.

आणि तेवढ्यात मास्तरांची लेक आली.

लेक एका कारखान्यात सुपरवायझर. तिच्या हाताखाली पुष्कळ माणसं, त्यामुळे बोलण्याला धार. रजा घेऊन आली ती बापाचं बीपी उतरवूनच जायचं असा पण करून. आल्या आल्या दवाखान्यात जाऊन तिन्ही गोळ्यांच्या वेळा समजून घेतल्या. "काकू, तुम्ही आता काळजी सोडा. मी स्वतः देते." लहानपणापासून ती बाईंना डॉक्टरकाकूच म्हणायची. बाईंना बरं वाटलं. म्हणाल्या, "बघ बाई, तुझ्याच्यानं होतंय का. मी तर हात टेकलेत."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी दुकानातून हुकूम ऐकू येऊ लागले. "तोंड उघडा. गिळलीत? जीभ वर करा बघू." मास्तर म्हणायचे, "अगं, मी काय लहान आहे?" "लहान असता तर सोपं गेलं असतं, बाबा." समोर मावशी बाकावरच्यांना सांगत होती, "लेक असावी तर अशी."

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक धावत आली. पायात चप्पल नाही. नंबर नाही, विचारणं नाही, मावशीला बाजूला सारून थेट आत. "काकू, बाबा पडलेत. अटॅक आलाय बहुतेक."

टेबलावर एका पेशंटचा कान तपासायचा अर्धा राहिला होता, तो तसाच सोडून बाई निघाल्या. ह्या वयात त्या एवढ्या धावतील असं कुणाला वाटलं नव्हतं. जाता जाता मावशीला ओरडून सांगितलं, अँब्युलन्सला फोन कर आणि ईसीजीची पट्टी काढायचं छोटं मशीन घेऊन मागोमाग ये.

मास्तर इस्त्रीच्या टेबलाखाली आडवे होते. चेहरा खडूसारखा पांढरा, कपाळावर गार घाम. बाई जमिनीवर बसल्या. "मास्तर, हसून दाखवा." मास्तर कसनुसे हसले, तोंड वाकडं झालं नाही. "माझी बोटं दाबा." दोन्ही हातांनी दाबली, सारखीच. बोलणं क्षीण, पण स्पष्ट. म्हणजे मेंदूतली नळी फुटलेली नाही! बाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कान लावला आणि पुन्हा फुगवला. इतके महिने ज्याचं बीपी खाली येईना, त्याचं वरचं आज जेमतेम सत्तर.

कापडाचे दोन गठ्ठे ओढून त्यांनी मास्तरांचे पाय त्यावर चढवले. तेवढ्यात मावशी मशीन घेऊन आली. छातीची पट्टी काढली, हृदयात काही दोष दिसेना. पोट दाबून पाहिलं, मऊ. काळं शौच? नाही. उलटी, जुलाब, ताप? काही नाही. मग एवढं बीपी गेलं कुठे? हृदयाचा झटका कधी कधी पट्टीत लगेच दिसत नाही. पोटात आतल्या आत रक्त वाहत असलं तरी सुरुवातीला पोट मऊ लागतं. ह्या प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला मारक. रक्त पातळ करायचं इंजेक्शन हृदयाला तारेल, पण पोटात रक्तस्राव असेल तर तेच जीव घेईल. अँब्युलन्स यायच्या आत तिच्यातल्या लोकांना काय सांगायचं हे ठरवायला हवं होतं.

"नवीन काही खाल्लं? कुठलं दुसरं औषध?"

"काही नाही हो काकू," लेक रडवेली झाली. "उलट सगळं वेळच्या वेळी देतेय मी. आजच्या सकाळच्यासुद्धा दिल्या. दुपारची आत्ताच देऊ का? नाहीतर ह्या गोंधळात चुकायची."

बाईंचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मास्तर, ह्या गोळ्या तुम्ही रोज घेत होतात ना?"

"घेतो की," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "रोज घेतो."

"खरं सांगा. मला वाईट वाटणार नाही."

"घेतो म्हटलं ना, बाई. स्ट्रिप दाखवतोच की तुम्हाला."

आता बोला! जीव कंठाशी आलाय आणि हा माणूस ताकास तूर लागू देत नाही. "मला वाईट वाटणार नाही" ह्या बाईंच्या शब्दांवर गल्लीतलं शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही, हे बाईंना कोण सांगणार? पण ह्या वेळी त्यांना स्वतःलाच ते जाणवलं असावं. त्यांनी लेकीला सांगितलं, "तू कोपऱ्यावर जाऊन उभी राहा. गाडी पुढे निघून गेली तर पंचाईत. मावशे, तूही जा." दोघी गेल्या. दुकानात मशीन, बाई आणि मास्तर.

"मास्तर, एक सांगायचं होतं. तुम्ही मागच्या थंडीत मला राखाडी कोट शिवून दिलात. मी तो एकदाही घातलेला नाही."

मास्तरांनी डोळे उघडले.

"काखेत आवळतो. हात वर केला की काचतो. कपाटात लटकलाय तसाच."

"पण तुम्ही तर म्हणालात, अगदी मापात बसला!"

"खोटं बोलले."

मेलेला माणूसही उठून बसला असता. मास्तर कोपरावर उठायला गेले, बाईंनी त्यांना दाबून खाली ठेवलं. "अहो, मग सांगायचं नाही का?" त्यांचा आवाज एकदम चढला. "काखेत अर्धा इंच सोडलाय मी आत! उसवून दिला असता चहा होईपर्यंत! दुखतंय ते सांगितलंच नाही तर शिंप्यानं करायचं काय? नुसतं बघून ओळखायचं?"

"तुम्ही इतक्या मायेनं दिलात. कसं सांगणार?"

बाईंनी त्यांची नाडी धरून ठेवली होती. बाहेर लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला.

"बाई," मास्तर म्हणाले, "बटणांच्या डब्यात आहेत."

मशीनच्या बाजूला पत्र्याचा मोठा डबा होता. बाईंनी झाकण उघडलं. शर्टाची पांढरी बटणं, आणि त्यात मिसळलेल्या गोळ्या, पांढऱ्या गोल, पांढऱ्या लांबट, बिनभोकाच्या. महिन्यामागून महिने मास्तर एकेक गोळी स्ट्रिपमधून काढून डब्यात टाकत होते आणि रिकामी स्ट्रिप बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवत होते. बाईंनी मूठभर वर काढून बोटांनी पसरलं. त्यात थोड्या पिवळ्या गोळ्याही होत्या. त्यांच्यावर बाईंची नजर जरा अडकली, पण तेवढ्यात दारात गाडी उभी राहिली.

"हृदय नाही, रक्तस्राव नाही," त्यांनी गाडीवाल्यांना सांगितलं. "ज्यानं कित्येक महिने एकही घेतली नव्हती त्याला दोन दिवस बीपीच्या तीन तीन गोळ्या पूर्ण मात्रेत गेल्यात. नसेतून सलाइन लावा. रक्त पातळ करायचं काही नको." आणि स्वतःही गाडीत चढल्या.

संध्याकाळपर्यंत मास्तर उशीला टेकून बसले होते आणि हॉस्पिटलच्या गाऊनची शिलाई किती भिकार आहे ते नर्सला सांगत होते. बाहेर व्हरांड्यात लेक भिंतीला डोकं टेकून रडत होती. "माझ्या हातानं मी बाबांना मारलं असतं, काकू."

"हात तुझे, पण गोळ्या माझ्या," बाई म्हणाल्या. "मी लिहिल्या त्याच तू दिल्यास. तुझं काय चुकलं? खरं तर तू आलीस म्हणून कळलं. नाहीतर मी चौथीही लिहिणार होते." मग म्हणाल्या, "आणि ती चौथीही बटणांत गेली असती म्हणा."

लेक रडता रडता हसली.

आत जाऊन बाईंनी मास्तरांना सरळ विचारलं, का नाही घेतल्या. मास्तर चादरीची कड दुमडत राहिले. पहिल्या गोळीनं पाय सुजायचे. पायाचं मशीन ते, सुजलेल्या पावलाला पायडल कळायचं नाही, टाके वेडेवाकडे पडायचे. दुसरीनं सारखं लघवीला लागायचं. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप, आणि मास्तर म्हणतायत, जरा आलोच! "आणि तिसरी?" "तिसरीची चवसुद्धा माहीत नाही मला."

बाईंना आधी संताप आला. "मी तुमच्यापायी जेवण सोडून पुस्तकं वाचली! रक्त काय, नळ्या काय, नको नको ते शोधलं! एक शब्द बोलला असतात तर दुसरी गोळी दिली असती. ढीगभर गोळ्या आहेत जगात!"

"कसा बोलणार? हिच्या दुखण्यात तुम्ही रोज येत होतात. दोन्ही वेळा. शेवटपर्यंत. त्या माणसाला मी म्हणू, की तुमची गोळी मला चालत नाही?"

मास्तरांच्या बायकोचं हृदय मोठं होऊन थकत चाललं होतं आणि बाई खरोखरच दोन्ही वेळा जात होत्या. ती गेली, तेव्हा त्या फार रडल्या होत्या. पण करण्यासारखं सगळं केलं, औषधात कसूर ठेवली नाही, असं त्यांनी तेव्हा मनाला सांगितलं होतं आणि त्या आधारावर त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या.

मास्तर घरी आले. नवी गोळी आली, एकच, बारीकशी, पाय न सुजवणारी. लेक रजा संपवून गेली, जाताना म्हणाली, "बाबा, आता फोनवर मला दुखतंय तेच सांगायचं, मजेत आहे म्हणालात तर उलट पावली परत येईन." दवाखान्यातला स्ट्रिपचा नियम बंद झाला. बाई आता सगळ्यांना एकच विचारू लागल्या, "मी दिलेल्यातलं काय काय तुम्ही घेत नाही?" पहिले दोन दिवस लोक गोंधळले, आणि मग धरण फुटलं. बेकरीवाल्याची आई खोकल्याचं औषध निम्मं सिंकमध्ये ओतायची. एक गृहस्थ साखरेची गोळी फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी घ्यायचे, परीक्षेचा अभ्यास केल्यासारखी. अहो, कुणी तर आपली गोळी नवऱ्याला द्यायची, त्याला गरज जास्त दिसते म्हणून! बाई ऐकून घेत. तोंड पडतंय असं वाटलं की खिडकीकडे बघत. मावशीला विचारलं, "तू काय घेत नाहीस?" मावशी म्हणाली, "सगळंच," आणि नंबर द्यायला निघून गेली.

बटणांचा डबा मास्तरांनी बाईंच्याच स्वाधीन केला होता. जुन्या गोळ्या घरात नकोत, म्हणून. एका दुपारी दवाखाना रिकामा असताना बाईंनी तो टेबलावर उपडा केला आणि निवडायला बसल्या. बटणं एकीकडे, पांढऱ्या गोळ्या एकीकडे. शेवटी पिवळ्या उरल्या. ओंजळभर होत्या. पिवळी गोळी मास्तरांना त्यांनी कधी दिलीच नव्हती. ती हृदयाची गोळी होती. कुणाला दिली होती, हे आठवायला बाईंना फार विचार करावा लागला नाही.

त्यांनी त्या गोळ्या एका पुडीत बांधून खणात टाकल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं लोक म्हणतात ते उगीच नाही. गेलेलं माणूस गेलं. विचारून कुणाचं भलं होणार होतं? मास्तरांचं नाही, आणि बाईंचं तर नाहीच. विचारलं नसतं तर कुणी एका शब्दानं बोललं नसतं.

मास्तर तपासणीला आले, खुर्चीत बसले, बाही वर सारली. बाईंनी विचारलं, गोळी घेता का? घेतो, म्हणाले, रविवारी एक चुकली. पाय? पाय छान. लघवी? आता टेप सोडून पळावं लागत नाही. बाईंनी पट्टा हातात घेतला, आणि परत खाली ठेवला. खण उघडून पुडी काढली आणि सोडून समोर ठेवली.

"ह्या कुणाच्या, मास्तर?"

मास्तरांनी पुडीकडे पाहिलं.

"हिच्या."

"घेत नव्हती ती?"

"आधी घ्यायची. मग मळमळायला लागलं, अन्न बघवेना. तेव्हापासून नाही." मास्तरांनी बोटानं एक गोळी पुडीच्या आत सारली. "रिकामी स्ट्रिप दाखवायची युक्ती तिचीच. मी तिच्याकडून शिकलो. म्हणायची, बाई दिवसभर दमून येतात, त्यांचं तोंड पडलेलं मला बघवत नाही."

दोन्ही वेळा जाऊन बाई तिच्या खाटेशी बसत होत्या, "बरं वाटतंय ना?" विचारत होत्या, आणि ती हसून "हो" म्हणत होती.

"बाई, एक विचारू?" मास्तर म्हणाले. "ह्या घेतल्या असत्या, तर राहिली असती का ती?"

काय सांगायचं होतं? नाही मास्तर, तिचं आयुष्यच तेवढं होतं, असं म्हटलं असतं तर माणूस शांत झाला असता. शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"आणखी काही वर्षं राहिली असती," त्या म्हणाल्या. "नक्की नाही सांगता येत. पण बहुतेक राहिली असती."

मास्तरांनी मान हलवली. "मला वाटायचंच तसं. कुणाला विचारू कळेना." आणि ते रडायला लागले, तोंडावर हात न घेता, सरळ बसून. बाईंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. बाहेर खोकल्याचा आवाज झाला. मावशीनं दारातून डोकं आत घातलं, दोघांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही निदान न करता दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं बाईंनी मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कान लावला.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"आज जास्त आहे," बाई म्हणाल्या. "आज असणारच. परवा या, परत मोजू."

मास्तरांनी बाही खाली केली, बटण लावलं. "तुम्हाला वाईट वाटलं," ते म्हणाले.

"हो. फार वाटलं," बाई म्हणाल्या. "तरी सांगितलंत ते बरं केलंत."